व्यसन सुटतंय, आता काम हवंय: खानदेशात काम शोधताना कोणती पायरी आधी

केंद्रातून किंवा दवाखान्यातून माणूस घरी येतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरात एकच वाक्य फिरायला लागतं, "आता कुठंतरी कामाला लाग." घरच्यांचंही बरोबर असतं. उधारी झालेली असते, बायकोने मजुरीवर घर ओढलेलं असतं. मग पहिलं मिळेल ते काम धरलं जातं. महिना-दीड महिना बरा जातो, हातात रोख पडते आणि त्याच आठवड्यात पुन्हा सुरुवात होते. लोक म्हणतात, याला काम मानवत नाही. काम मानवलेलं असतं, पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. पैसे कसे मिळणार, पाळी कोणती, शेजारी कोण उभा राहणार, हे काहीच न ठरवता माणूस कामावर गेलेला असतो.

हा लेख दारू सोडलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गांजा, गोळ्या, सोल्युशन, गुटखा सोडलेल्यांनाही पायऱ्या त्याच लागू पडतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: शरीर कामाला तयार आहे का, ते आधी पाहा

रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हात-पाय थरथरणे, घाम, ताप, नसलेली माणसं-किडे दिसणे असा प्रकार होऊ शकतो. यात जीव जातो. म्हणून "सोमवारी दारू सोडतो आणि मंगळवारी कामावर जातो" हा बेत करू नका. जिनिंगच्या मशीनजवळ, विहिरीच्या काठावर किंवा ट्रकच्या फाळक्यावर उभं असताना फिट आली तर काय होईल, हे सांगायला नको.

सावधान: सोडल्यापासून पहिल्या आठवड्यात फिट आली, माणूस भ्रमात बोलायला लागला किंवा ताप चढला, तर कामाचा विचार बाजूला ठेवा. १०८ ला फोन करून थेट सिव्हिल गाठा.

हा आठवडा गेला की मानसोपचार ओपीडीत डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या.

१. या गोळ्यांनी झोप किंवा गुंगी येते का? मशीनवर, उंचीवर, गाडीवर काम करू का?
२. रात्रपाळी चालेल का?
३. किती वजन उचलू? पाय बधिर होणे, मुंग्या येणे हा त्रास बऱ्याच वर्षांच्या दारूने झालेला असतो आणि शिडीवर तो धोक्याचा ठरतो.
४. पुढची तपासणी कधी? ती तारीख कामावर सांगून सुट्टी घ्यायची आहे.

डायसल्फिरामची (दारूपासून दूर राहावं म्हणून डॉक्टर देतात ती) गोळी चालू असेल तर थिनर, स्पिरिट, पॉलिश यांच्या वाफेत दिवसभर राहावं लागणारी कामं टाळा. फर्निचर पॉलिश आणि रंगकाम यात मोडतं. या गोळीवर थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. घरच्यांना हात जोडून सांगणं आहे: ही गोळी त्याला न सांगता भाजीत किंवा चहात घालू नका. हे चांगल्या मनाने केलं जातं आणि यातून माणूस दगावू शकतो.

सोल्युशन किंवा थिनर हुंगायची सवय होती त्यांनी पंक्चरचं दुकान, चपलांचा कारखाना, रंगाचं दुकान ही कामं पहिल्या वर्षी घेऊच नयेत. तो वास नाकात गेला की डोकं विचार करायच्या आत हात पुढे जातो.

तपासा: सलग दोन आठवडे रात्री सहा तास झोप, दोन वेळचं जेवण आणि सकाळी ठरल्या वेळी उठणं जमतंय का? नसेल तर अजून दोन आठवडे घरातली, शेतातली अर्ध्या दिवसाची कामं करा. पूर्ण पाळीची घाई नको.

## टप्पा २: कागद गोळा करा, सुरुवात मोबाइल नंबरपासून

लोक आधार, पॅन, फोटो गोळा करतात आणि अडकतात ओटीपीवर. केंद्रात तीन-चार महिने राहून आलेल्याचं सिम बंद पडलेलं असतं. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही, तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला जातो. आधार त्याच नंबरला, बँक त्याच नंबरला, पीएफ त्याच नंबरला. म्हणून क्रम असा ठेवा:

१. सिम. जुना नंबर मिळतो का ते कंपनीच्या दुकानात जाऊन विचारा. मिळाला नाही तर नवा घ्या. नवा नंबर जुन्या टोळीच्या हाती पडू देऊ नका, हा त्यातला फायदा.
२. आधार. आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडा. याला बोटाचा ठसा लागतो, माणसाने स्वतः जावं लागतं.
३. बँक. पासबुक भरून घ्या, केवायसी करा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय झालेलं असतं, ते शाखेत अर्ज देऊन सुरू होतं.
४. पीएफ. आधी कंपनीत काम केलं असेल तर यूएएन नंबर शोधा. त्यात जुनी नोकरी कधी लागली, कधी सुटली हे दिसतं. नव्या ठिकाणी सांगितलेली तारीख त्याच्याशी जुळली पाहिजे. बरेच जण मधली रिकामी वर्षं झाकायला तारीख वाढवून सांगतात. पीएफचं रेकॉर्ड उघडल्यावर खोटं उघडं पडतं आणि माणूस दारूमुळे नाही, खोट्यामुळे बाहेर जातो.
५. लायसन्स. मुदत संपून एक वर्षाच्या आत असाल तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. ड्रायव्हरकी करायची नसली तरी हा कागद वाया घालवू नका.
६. ई-श्रम कार्ड. वय १६ ते ५९, असंघटित काम, पीएफ किंवा ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, अशांनी काढावं. नोंदणी मोफत आहे.
७. जॉब कार्ड, म्हणजे रोजगार हमीच्या कामाचं कार्ड. ग्रामपंचायतीतून. कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या, कारण काम देण्याचे १५ दिवस त्या तारखेपासून मोजतात.

एटीएम कार्ड किंवा पासबुक कोणाकडे गहाण पडलं असेल, तर ते सोडवायला पैसे जमेपर्यंत थांबू नका. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा आणि नवं मागवा. नाहीतर पहिला पगार जमा होईल आणि काढेल दुसराच.

केंद्राचं डिस्चार्ज कार्ड घरी पेटीत ठेवा. कामाच्या फाइलीत ते लावायचं नाही. का ते टप्पा ४ मध्ये येईल.

## टप्पा ३: काम निवडा, तीन प्रश्न विचारून

लोक आधी विचारतात, "रोज किती?" तो चौथा प्रश्न आहे. पहिले तीन असे:

- पैसे कधी आणि कसे मिळतात? रोज रोख, आठवड्याला बाजाराच्या दिवशी, की महिन्याला बँकेत?
- पाळी कोणती आणि किती तासांची?
- सोबत कोण? काम सुटल्यावर ही माणसं कुठे जातात?

सोडल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज रोख मिळणारं काम सगळ्यात अवघड जातं. संध्याकाळी सहाला थकलेलं अंग, खिशात पाचशेची नोट आणि घराच्या वाटेवर दुकान. महिन्याला बँकेत पैसे देणारं काम रोजाने दोनशे कमी देत असलं, तरी ते घ्या.

आता आपल्या भागातली कामं एकेक पाहू.

केळी कापणी आणि गाडी भरणे (रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा). पैसा बरा आणि लवकर. काम टोळीत चालतं, घड २० किलोंच्या वर असतो, खांद्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत आणायचा. गाडी भरली की टोळीचे पैसे एकत्र मिळतात आणि वाटणी बऱ्याचदा तिथेच, रस्त्याकडेला होते. अंगदुखीवर "थोडी घे, बरं वाटेल" हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. जुन्याच टोळीत परत जाणार असाल तर जाऊ नका. दुसऱ्या गावची टोळी पाहा आणि मुकादमाला तुमचा हिस्सा खात्यावर टाकायला सांगा. केळीचंच काम करायचं असेल तर घड धुणे, फण्या सोडवणे, बॉक्स भरणे हे पॅकिंगचं काम अंगाला आणि सोबतीला बरं.

जिनिंग (कापसाचा हंगाम, दसरा-दिवाळीपासून पुढे). काम चार-पाच महिन्यांचं. धुळीने खोकला होतो, मास्क किंवा ओला रुमाल लागतोच. गुंगीच्या गोळ्या चालू असतील तर मशीनपाशी उभं राहू नका. काट्यावर, गेटवर, ढीग लावायला काम मागा. हंगाम संपला की पुढे काय, हे फेब्रुवारीतच ठरवा. रिकामा एप्रिल फार वाईट.

जळगाव एमआयडीसी: चटई, प्लास्टिक, पाइप, डाळमिल. ज्यांना महिन्याचा पगार आणि पीएफ हवा त्यांच्यासाठी ही पहिली पसंती. अडचण पाळीची. प्लास्टिकची मशीन २४ तास चालतात, त्यामुळे बारा तासांची पाळी आणि आठवड्याने रात्रपाळी येते. पहिले तीन महिने दिवसपाळी मागून घ्या. झोप मोडली की ओढ वाढते, हे लक्षात ठेवा. पॅकिंग, लोडिंगचा हिशेब, स्टोअर अशा विभागांत दिवसपाळी मिळण्याची शक्यता जास्त.

धुळ्याची अवधान एमआयडीसी, शिरपूर, दोंडाईचा, नवापूर. वरचेच नियम. नंदुरबार-दोंडाईच्याला मिरचीचं काम हंगामी आहे, तिखटाने डोळे-नाक जळतं. दमा असेल तर टाळा.

सालदारकी, म्हणजे एकाच शेतकऱ्याकडे वर्षभराचं काम. पाडवा-आखाजीच्या सुमारास सालदार ठरतात आणि उचल एकदम मिळते. हीच उचल माणसाला बुडवते. ठरवायचंच असेल तर उचल कमी आणि महिन्याला रक्कम जास्त असं बोला, उचल बायकोच्या किंवा आईच्या खात्यात घ्या. दुसरं: मळ्यावर एकट्याने रात्री पाणी द्यायला राहावं लागतं. एकटेपणा सोसत नसेल तर हे काम यंदा नको.

ऊसतोड. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातून टोळ्या जातात. मोठी उचल, सहा महिने गाव नाही, दवाखाना नाही, व्यसन सोडलेल्यांची बैठक नाही, कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) संध्याकाळ. पहिल्या वर्षी जाऊ नका. उचल घेऊन अर्ध्यातून परत आलात तर कर्ज वेगळंच अंगावर येतं.

सुरत. भुसावळ-सुरत लाइनवर बसलं की रात्रीतून उधना. लिंबायत-उधन्याला आपल्याकडचे लोक भरपूर, काम लगेच मिळतं. घरचे म्हणतात, गुजरातेत दारूबंदी आहे, तिथे सुटेल. या भरवशावर पाठवू नका. मिळते तिथेही, लपून मिळते आणि काय प्यायलो हेही कळत नाही. एका खोलीत आठ-दहा जण, लूमवर बारा तास, विचारपूस करायला कोणी नाही. जायचंच असेल तर राहायची सोय न पिणाऱ्या नातेवाइकाकडे पक्की झाल्यावर जा. आधी काम आणि मग खोली असा उलटा क्रम नको.

ढाबा, परमिट रूम, लग्नाचं केटरिंग, बँड. दारूतून सावरणाऱ्याने ही कामं घेऊ नयेत. "मी फक्त तंदूर बघतो" असं म्हणून चालत नाही. रात्री बारानंतर उरलेल्या बाटल्या उचलायच्या कोणी?

ड्रायव्हरकी. डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय नाही. नंतरही आधी गावातल्या गावात, दिवसाची, मालकाच्या ओळखीची गाडी. लांबच्या ट्रकवर जागरणासाठी काय काय चालतं ते ड्रायव्हर मंडळींना माहीत आहे.

दुकान, मेडिकल स्टोअर, सराफ बाजार. वेळ ठरलेली, वातावरण बरं. गोळ्या किंवा खोकल्याच्या औषधाचं व्यसन होतं त्यांनी मेडिकलचं काम सोडून द्यावं. सोन्याच्या दुकानात ओळख आणि पोलीस पडताळणी लागते, ती तयारी आधी करा.

तपासा: कागदावर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. तिन्ही उत्तरं वाईट असतील तर काम सोडा. दोन चांगली असतील तर तिसऱ्यावर उपाय आधी ठरवा, मग हो म्हणा.

## टप्पा ४: मधल्या वर्षांबद्दल काय सांगायचं

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक जण सगळी कहाणी सांगून रडतो. दुसरा "दुबईला होतो" असं काहीतरी ठोकून देतो. दोघांनाही काम मिळत नाही.

मालकाला तुमच्या आयुष्याची माहिती नको असते. त्याला तीन भीती असतात: हा खाडे करेल, उचल मागेल, भांडण करेल. तुमच्या उत्तराने या तीन भीतींना हात घातला पाहिजे.

अनोळखी ठिकाणी एवढंच बोला:

"मागचं वर्षभर तब्येतीमुळे काम बंद होतं. उपचार पूर्ण झाले. आता पूर्ण पाळी करू शकतो, सोमवारपासून येतो."

पुढे "काय झालं होतं?" असं सरळ विचारलं तर खोटं बोलू नका:

"दारूचा त्रास होता. पाच महिन्यांपासून बंद आहे, डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातो. तेवढी एक सुट्टी आधी सांगून घेईन."

पाच महिने झाले असतील तरच पाच म्हणा. मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण त्यानंतरचं प्रत्येक वाक्य तुमचं नुकसान करतं.

आपल्या गावात, तालुक्यात मात्र लपवायला काही उरलेलं नसतं. कट्ट्यावरच कोणीतरी विचारतं, "इतला दिन कथा व्हता भाऊ?" तिथे आडवळण न घेता बोला:

"नाना, माझं तुम्हाला माहीत आहे. चार महिने झाले, बंद आहे. एक महिना ठेवून बघा. पगार बँकेत टाका, उचल मागणार नाही."

"उचल मागणार नाही" या तीन शब्दांनी जेवढं काम होतं तेवढं शपथा घेऊन होत नाही. शपथा गावाने याआधी ऐकलेल्या असतात.

कागदोपत्री काय सांगणं भाग आहे, तेही नीट समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि नशेच्या पदार्थांशी निगडित मानसिक त्रासही येतो, आणि त्याच्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. केंद्राने किंवा डॉक्टरांनी तुमच्या परवानगीशिवाय ती मालकाला द्यायची नाही. डिस्चार्ज कार्ड फाइलीत लावू नका म्हणतो ते यासाठी. पण दोन जागा वेगळ्या:

- भरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तर खरी सांगा. गुंगीची गोळी लपवून मशीनवर गेलात तर बोटं जातील.
- फॉर्ममध्ये पोलीस केस विचारली असेल आणि असेल, तर लिहा. पिऊन गाडी चालवल्याची केससुद्धा केसच आहे. पडताळणीत ती निघते.

सावधान: बोलायचं वाक्य घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून पाहा. तोंडातल्या तोंडात सराव केलेलं वाक्य मालकासमोर तुटतं.

## टप्पा ५: प्रत्यक्ष शोध

रोज किती वेळ शोधायचं? सकाळी तीन तास, आठवड्यातून पाच दिवस. दिवसभर वणवण केली की चार नकार मिळतात आणि संध्याकाळ जड जाते. उरलेला दिवस घरचं काम, झोप आणि बैठकीला द्या.

आधी एक माणूस ठरवा, जो तुमच्यासाठी शब्द टाकेल. जुना शेठ, शाळेतले सर, मामा, बचत गटाच्या ताई, कोणीही. अट एकच, त्यांनी तुम्हाला गेल्या दोन महिन्यांत चांगल्या स्थितीत पाहिलेलं असावं. त्यांना न विचारता त्यांचं नाव सांगत फिरू नका.

मग एक वही करा. तारीख, कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय म्हणाले, परत कधी विचारायचं. पाच रकाने पुरेत. ही वही नसेल तर दहा दिवसांनी सगळं धूसर होतं आणि "कुठेच काम नाही" असं वाटायला लागतं. वहीत दिसतं की सहा जागा विचारल्या, त्यातल्या दोघांनी पुढच्या सोमवारी बोलावलं आहे.

एमआयडीसीत सकाळची पाळी आत गेल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान गेटवर जा. पाळी बदलताना कोणाला बोलायला वेळ नसतो. कंपनीचा माणूस "ठेकेदाराला भेटा" म्हणाला तर ठेकेदाराला चार गोष्टी विचारा: पगाराची तारीख, पैसे बँकेत की रोख, पीएफ कापणार का, ईएसआयसी आहे का. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीत असेल, तर ०.७५ टक्के कापून घरच्यांसकट उपचारांची सोय होते. औषधं चालू असलेल्या माणसाला ही मोठी गोष्ट आहे.

महास्वयं पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते.

सावधान: "रेल्वेत लावून देतो", "दीपनगरला चिकटवतो", "वरणगाव फॅक्टरीत ओळख आहे" असं म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. घरच्यांना भरपाई करून दाखवायची घाई सावरणाऱ्या माणसाला फार असते आणि ती घाई ठगाला लांबून दिसते.

मजुरांच्या अड्ड्यावर उभं राहणं शेवटचा पर्याय. काम मिळालं नाही की दहा वाजता तिथेच चौघं जमतात आणि दिवस फुकट जातो. उभं राहायची वेळ आलीच, तर नऊ वाजता तिथून निघायचं, हे आधी ठरवून जा.

## टप्पा ६: पहिला आठवडा कामावर

सकाळी पोटभर खाऊन निघा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळी ओढ येते. डब्यात भाकरीसोबत शेंगदाणे-गूळ ठेवा आणि दुपारी चारला खा, कारण संध्याकाळच्या ओढीतली बरीचशी भूकच असते. मार्चनंतर आपल्याकडे ऊन ४० च्या वर जातं. दोन लिटरचा थर्मास आणि मीठ-साखरेचं पाणी जवळ हवं. उन्हाने आलेली चक्कर आणि थरथर पाहून लोक म्हणतात, "पिऊन आला." तुमच्या बाबतीत ते लगेच म्हणतील.

गोळीची वेळ पाळीशी जुळवा, पण स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांना विचारून.

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बोलावणार. हिवाळा असेल तर शेतात भरीत पार्टी, पोळा असेल तर पोळा, कोणाचा वाढदिवस. लांब कारण देऊ नका, कारण प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर असतं. "नही भो, बंद करी टाकी" एवढं पुरे. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर "घरी जायचं आहे" म्हणा आणि खरंच निघा. भरीत आवडत असेल तर घरी भाजा आणि त्याच मित्रांना जेवायला बोलवा.

डबल पाळी आणि ओव्हरटाइम पहिल्या महिन्यात घेऊ नका. कर्ज फेडायचं म्हणून सोळा तास उभं राहणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात मोडतो.

तपासा: आठवड्याच्या शेवटी स्वतःला विचारा. किती दिवस वेळेवर गेलो? कोणत्या वेळी जास्त ओढ झाली? घरी जायच्या वाटेवर दुकान आहे का? असेल तर दोन किलोमीटरचा फेरा पडला तरी वाट बदला.

## टप्पा ७: पहिला पगार

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात, म्हणून हा दिवस तासागणिक ठरवा.

आदल्या दिवशी घरात बसून पगाराची वाटणी कागदावर करा. समजा पगार ११,००० आहे. घरखर्च ६,५००, देणी २,०००, औषध आणि जाणं-येणं १,०००, बाजूला १,०००, खिशात ५००. आकडे तुमचे वेगळे असतील, पण "खिशात" हा रकाना लहान ठेवा आणि शून्य ठेवू नका. शून्य ठेवला की माणूस उसने घेतो.

पगाराच्या दिवशी:

१. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की घरखर्चाची रक्कम तिथल्या तिथे बायकोच्या, आईच्या किंवा भावाच्या खात्यात पाठवा. पाळी सुटायच्या आत.
२. रोख मिळणार असेल तर घरचं माणूस गेटवर हवं. यात लाज वाटून घेऊ नका. हे सहा महिनेच करायचं आहे.
३. मोबाइलवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्या.
४. त्या संध्याकाळी एकटं राहू नका. बैठक असेल तर तिथे, नाहीतर घरच्यांसोबत बाजारात. काहीतरी विकत घ्या, मुलाची चप्पल, घराला तेलाचा डबा. पगार वस्तूत दिसला पाहिजे.
५. रात्री दहापर्यंत ओढ जास्त वाटली तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला किंवा १४४१६ टेलिमानसला फोन करा. दोन्ही मोफत आहेत.

देण्यांचं असं करा. सगळ्यांची यादी करा आणि लहान रक्कम आधी फेडा, म्हणजे नावं कमी होतात. प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगा, "दर महिन्याला पाचशे देईन," आणि तेवढेच द्या. एक अपवाद आहे. दारूच्या दुकानातली किंवा अड्ड्यावरची उधारी स्वतः द्यायला जाऊ नका. भावाच्या हातून पाठवा.

घरच्यांसाठी दोन शब्द. पगार पूर्ण हिसकावून घेऊ नका, आणि घरी आल्याआल्या तोंडाचा वास घेऊ नका. संशय आला तर सकाळी, शांतपणे, सरळ विचारा.

## टप्पा ८: पाय घसरला तर

सावरताना असं होऊ शकतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय करता, यावर काम राहील की जाईल हे ठरतं.

- प्यायलेल्या अवस्थेत कामावर जाऊ नका. एक खाडा माफ होतो, मशीनपाशी झोकांडी माफ होत नाही.
- पाळीच्या आधी फोन करा: "आज तब्येत बरी नाही, उद्या येतो." फोन स्वतः करा, बायकोला करायला लावू नका.
- डायसल्फिराम चालू असताना घेतली असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता दवाखान्यात जा आणि दोन्ही गोष्टी सांगा.
- ब्राउन शुगर किंवा तशा गोळ्या सोडलेल्यांनी हे घरच्यांनाही सांगून ठेवावं: मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वी चालणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. माणूस घोरतोय, ओठ निळे पडलेत, हलवून उठत नाही, तर १०८.
- दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना किंवा केंद्रातल्या समुपदेशकाला खरं सांगा आणि गोळ्या-तपासणीच्या तारखा पुन्हा लावून घ्या.
- रोज प्यायला सुरुवात होऊन आठवडा गेला असेल तर एकदम बंद करून कामावर जाऊ नका. टप्पा १ मधला धोका पुन्हा तोच आहे.

लाजेने स्वतःहून काम सोडू नका. मालकाने काढलेलं नसताना "आता कोणत्या तोंडाने जाऊ" म्हणून घरी बसणारे पुष्कळ आहेत, आणि घरी बसलं की दुसरा दिवसही तसाच जातो. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, डबा घेऊन, नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी गेटवर पोहोचा. मालकाने विचारलं तर टप्पा ४ मधलंच वाक्य, तेवढंच लहान, आणि महिन्यांचा आकडा नव्याने मोजून.